ऑक्टोबरात रोपं हलवताना : मार्केट यार्डची परसबाग आणि बाबा

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले शब्द तसेच ठेवलेत. अडखळणं आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढली आहे.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर ऑफिसच्या कॅबमध्ये डोळे मिटून बसला असाल, तर तसेच राहा. आजचा भाग ऐकायला हात मोकळे असायची गरज नाही. करायला मात्र लागतील, आणि थोडी माती नखांत जाईल.

विषय आहे आपोआप उगवलेली फुलझाडं. म्हणजे आपण पेरली नाहीत, पण गेल्या वर्षीच्या झाडाचं बी खाली पडलं, पावसात रुजलं, आणि आता ऑक्टोबरात नको तिथे दाटीवाटीनं उभी आहेत अशी रोपं. ती उचलून दुसरीकडे कशी लावायची, कधी लावायची, आणि कोणाच्या वाटेला जायचंच नाही, हे आज बोलू.

आधीच सांगते, मी यातली तज्ज्ञ नाही. बी.टेक. केलंय, खराडीला एका कंपनीत कोड लिहिते, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत मला कोथिंबीर आणि गाजरगवत यातला फरक फक्त वासानं कळायचा. आज जे सांगणार आहे ते दोन ठिकाणांहून आलंय. एक, गेल्या वर्षी माझ्या हातानं मेलेली अकरा रोपं. दोन, माझे बाबा.

बाबा मार्केट यार्डात तोलणार होते. कांदा-बटाटा विभागात. आलेल्या गोण्या काट्यावर घ्यायच्या, वजन बोलायचं, पट्टीवर लिहायचं. चौतीस वर्षं हेच काम. आमची खोली गुलटेकडीलाच, यार्डापासून चालत पाच मिनिटांवर. तळमजला, भाड्याची, जुनी. रात्री ट्रकचे हॉर्न, पहाटे हमालांच्या हाका. मी बारावीचा अभ्यास त्या आवाजात केलाय, त्यामुळे आज ओपन ऑफिसमध्ये मला काही त्रास होत नाही.

खोलीच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीचा एक पट्टा होता. चार फूट रुंद, पंधरा फूट लांब. ही बाबांची बाग. दुपारी कामावरून आले, जेवले, की संध्याकाळी तिथे. फार काही विकत आणलेलं नव्हतंच त्यात. सदाफुली कुठून आली ते कोणालाच आठवत नाही. झेंडू दसऱ्याचा.

आता मार्केट यार्डात राहिलेल्या माणसाला झेंडूचं वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस तिथल्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. पुरंदर, दौंड, बारामती, कुठून कुठून टेम्पो येतात. केशरी आणि पिवळ्या झेंडूचे डोंगर लागतात. आणि ज्या वर्षी माल जास्त येतो त्या वर्षी दसऱ्याच्या दुपारनंतर भाव असा कोसळतो की शेतकरी उरलेली फुलं परत न्यायच्या भानगडीत पडत नाही. डिझेलचे पैसेही निघत नाहीत. तिथेच रस्त्याकडेला ओतून गाडी रिकामी करून निघून जातो. लहानपणी मला त्या ढिगांत उड्या मारायला मजा वाटायची. बाबांनी एकदाच सांगितलं, "पोरी, त्यावर नाचू नको. कुणाच्या तरी चार महिन्यांची मेहनत आहे ती." तेव्हापासून नाही नाचले.

तर दसऱ्याचं तोरण वाळलं की बाबा ते चुरगळून मागच्या पट्ट्यात टाकायचे. पुढच्या पावसात त्यातून थोडी रोपं यायची. थोडीच. कारण बाजारातली फुलं ताजी दिसावीत म्हणून लवकर तोडलेली असतात, त्यांच्यात बी नीट भरलेलंच नसतं. झेंडूचं बी झाडावरच पिकून, वाळून काळं व्हायला हवं. दुसरं म्हणजे बाजारातला बराचसा झेंडू संकरित असतो. त्याच्या बियांतून येणारं झाड आईसारखंच निघेल याची हमी नाही. तीन इंची भरगच्च फुलाच्या पोटी बोटभर एकेरी फूलही येतं. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "फूल आलं ना? मग झालं."

तिसरं झाड आजच्या गोष्टीतलं मुख्य. हॉलीहॉक. हिंदीत याला गुलखैरा म्हणतात. उंच, माणसाच्या खांद्याएवढा सरळ दांडा, आणि त्याला खालून वर एकेक उमलत जाणारी बशीएवढी गुलाबी, लाल, पांढरी फुलं. भेंडी, जास्वंद, कापूस, अंबाडी यांच्या कुळातलं झाड, त्यामुळे फूल पाहिलं की ओळखीचं वाटतं. एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, फुलांचं प्रदर्शन भरतं. मी कॉलेजात असताना आम्ही तिघं ते बघायला गेलो होतो आणि बाहेरच्या स्टॉलवरून आईनं बियांचं एक पाकीट घेतलं. तेवढीच गुंतवणूक. त्यानंतर दर वर्षी ते आपलं आपण येत राहिलं. मार्च-एप्रिलात शेंगोळ्या वाळून चपट्या चकत्यांसारखं बी खाली पडायचं, पाऊस ओसरताना रुजायचं, थंडीत वाढायचं, फेब्रुवारीत फुलायचं.

आता एक छोटा विज्ञानाचा तास, कंटाळू नका. बाहेरच्या देशांत, जिथे हिवाळा कडक असतो, तिथे हॉलीहॉक हे द्विवर्षायू झाड मानतात. पहिल्या वर्षी फक्त पानं, जमिनीलगत पसरलेला पानांचा गोल झुपका. मग बर्फाळ हिवाळा सोसायचा. दुसऱ्या वर्षी दांडा, फुलं, बी. थंडी मिळाल्याशिवाय त्याला फुलायची वेळ झाली हे कळतच नाही. आपल्याकडे तेच काम ऑक्टोबर ते मार्च एवढ्यात उरकतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या आसपास उतरतो, तेवढी थंडी त्याला पुरते.

हे मी बाबांना एकदा मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होते. द्विवर्षायू, पहिलं वर्ष पानं, दुसरं वर्ष फूल. बाबा म्हणाले, "म्हणजे कांदाच की."

मी गप्प. कारण बरोबर होतं. कांदाही द्विवर्षायूच. पहिल्या हंगामात बियांपासून कांदा होतो. तो कांदा म्हणजे झाडानं पुढच्या वर्षीसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. आपण ती मधेच काढून भजी करतो, ही गोष्ट वेगळी. ज्यांना बी धरायचं असतं ते शेतकरी निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा जमिनीत लावतात. थंडीत त्यातून पोकळ दांडे येतात, त्याला डेंगळे म्हणतात, टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा, आणि उन्हाळ्यात त्यात काळं बी. गाजर, मुळा, कोबी, बीट यांचंही थोड्याफार फरकानं असंच. म्हणजे बाबा चौतीस वर्षं द्विवर्षायू झाडं गोणीत भरलेली बघत होते, फक्त अर्ध्या आयुष्यावर थांबलेली. तुमच्या टोपलीत मोड आलेला कांदा असेल तर फेकू नका, या महिन्यात कुंडीत लावा. फेब्रुवारीपर्यंत बघा काय होतं ते.

बरं, आता गेल्या वर्षाची गोष्ट. २०२४.

मी उंड्रीला फ्लॅट घेतला. सातवा मजला. वीस वर्षांचं कर्ज, पण घर आपलं. ताबा सप्टेंबरमध्ये मिळाला. इकडे जुन्या घराच्या मालकांनी सगळ्या भाडेकरूंना सांगितलं होतं की डिसेंबर अखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करा, इमारत पाडून नवी बांधायची आहे. म्हणजे जायचं तर होतंच. मी ठरवलं, दसरा. बारा ऑक्टोबर, शनिवार, मला सुट्टी, मुहूर्त चांगला. टेम्पो बुक केला, चेकलिस्ट केली, आईनं डबे भरायला घेतले.

बाबा म्हणाले, "दिवाळी झाल्यावर जाऊ."

"का?"

"रोपं लहान आहेत अजून."

मला वाटलं हे निमित्त आहे. थोडं होतंही. पण मी ते पूर्ण निमित्तच धरलं. म्हटलं, रोपंही नेऊ, त्यात काय! मागे जाऊन मोजली. हॉलीहॉकची एकतीस रोपं उगवली होती. काही दोन पानांची, काही तळहाताएवढ्या पानांची. मी प्रोजेक्ट मॅनेजरच्या आत्मविश्वासानं त्यातली चौदा निवडली. सगळ्यात मोठी, सगळ्यात तगडी. दसऱ्याच्या दिवशी दुपारी साडेबाराला, टेम्पो दारात उभा असताना, खुरप्यानं उकरून उपटली. मुळांची माती झटकली, कारण गाडी घाण होईल. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली आणि फ्रिजच्या शेजारी टेम्पोत चढवली. बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. सगळा दिवस काही बोलले नाहीत.

संध्याकाळी पूजा झाल्यावर मी ती बाल्कनीतल्या कुंड्यांत लावली. चार दिवसांत पानं फडक्यासारखी लोंबायला लागली. मी आणखी पाणी घातलं. आठवड्यात अकरा मेली. तीन राहिली.

आता यात मी काय काय चुकवलं ते एकेक सांगते, कारण नेमक्या याच चुका तुम्ही या शनिवार-रविवारी करणार आहात.

पहिली चूक, मोठी रोपं निवडली. हॉलीहॉकला सोटमूळ असतं, गाजरासारखं सरळ खाली जाणारं. वर तळहाताएवढं पान दिसतंय म्हणजे खाली ते मूळ वीतभर उतरलेलं असतं. उपटताना ते तुटतं, आणि सोटमूळ तुटलं की झाड सावरायला फार वेळ घेतं, बहुतेक वेळा सावरतच नाही. गोकर्ण, खसखशीची फुलं यांचंही तसंच. उलट झेंडू, सदाफुली, कॉसमॉस यांना बारीक तंतुमुळांचा झुपका असतो. ती थोडी मोठी असली तरी हलवणं सोसतात. झेंडूचं तर दांड्याला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे तो दोन बोटं खोल लावला तरी चालतो. हॉलीहॉक मात्र होता तेवढ्याच खोलीवर लावायचा. पानांचा मधला कोंब मातीखाली गेला तर कुजतो.

दुसरी चूक, वेळ. पुण्यातला ऑक्टोबर फसवा. पाऊस गेला, हवा छान वाटते, पण दुपारचं ऊन चांगलंच तापतं, ऑक्टोबर हीट उगाच म्हणत नाहीत. उपटलेल्या रोपाची पानं उन्हात पाणी सोडत राहतात आणि मुळं तुटल्यामुळे खालून पाणी येत नाही. रोप संध्याकाळीच हलवायचं. पाच-साडेपाचनंतर. म्हणजे त्याला पूर्ण रात्र मिळते.

तिसरी चूक, माती झटकली. मुळांचे केसासारखे बारीक तंतू मातीच्या कणांना चिकटलेले असतात, पाणी तेच पितात. माती झटकली की ते तंतूही जातात. त्यामुळे रोप नव्हे, मातीचा गड्डा हलवायचा. रोप त्यात आपसूक येतं.

चौथी चूक, कोमेजलं म्हणून पाणी ओतत राहिले. तुटक्या मुळांना भिजल्या मातीत हवा मिळत नाही, ती सडतात. त्याला पाणी नको होतं, सावली हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, बाबांना हे सगळं माहीत होतं तर ते दारात उभे राहून गप्प का बसले? मीही हेच विचारलं. नंतर. त्याची गोष्ट सांगते.

नव्या घरात आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून बाबा दुपारी निघून जायला लागले. दोन बस बदलून मार्केट यार्डला. कारण काय तर "उरलेल्या रोपांना पाणी घालायला." एक दिवसाआड. गुडघा दुखतोय, बसला गर्दी, आणि सतरा रोपांना पाणी घालायला हा माणूस अडीच तास घालवतोय. मी चिडले. म्हटलं, बाबा, मी नर्सरीतून नवी रोपं आणते, हवी तेवढी. ते म्हणाले, "आण की." आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

सव्वीस ऑक्टोबरला, शनिवारीच, मी त्यांच्यासोबत गेले. खरं तर त्यांना शेवटचं सांगायला गेले होते की आता हे पुरे. बाबांनी मला थेट मागच्या पट्ट्यात नेलं नाही. आधी यार्डात नेलं. भुसार विभागात त्यांच्या ओळखीच्या एका दुकानातून रिकामे तेलाचे डबे घेतले, पंधरा किलोवाले, पत्र्याचे, उभे. मला म्हणाले, "तुझ्या त्या कुंड्या उथळ आहेत. ह्याचं मूळ खाली जातं." मग कोणीतरी चहा दिला. मग आणखी कोणीतरी भेटलं. "काय तोलणार, कुठं असता?" असं चार ठिकाणी झालं. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला, आणि बाबांचा गुडघा एकदाही दुखला नाही.

मागच्या पट्ट्यात त्यांनी आदल्या दिवशीच पाणी घालून ठेवलं होतं. माती ओलसर, पण चिखल नाही. मुठीत दाबली तर गोळा होईल आणि बोटानं टोचलं तर फुटेल, इतपत. सतरापैकी त्यांनी दहा रोपं दाखवली, सगळ्यात लहान. तीन-चार खरी पानं आलेली. खरी पानं म्हणजे उगवताना येणारी पहिली दोन गुळगुळीत पानं सोडून, त्यानंतरची सुरकुतलेली, लवदार. मग एक जुना लांब चमचा घेतला, रोपापासून तीन बोटं लांब चारी बाजूंनी सरळ खाली खुपसला, आणि मातीच्या गड्ड्यासकट रोप उचलून दुधाच्या रिकाम्या पिशवीत ठेवलं. उचलताना हात गड्ड्याखाली, दुसऱ्या हाताची दोन बोटं पानाला. दांड्याला नाही. म्हणाले, "पान तुटलं तर दुसरं येतं. दांडा दबला तर रोप गेलं."

मी राहिलेल्या सात मोठ्या रोपांकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"ही नाही येणार. यांचं मूळ खाली गेलंय. इथंच राहू देत."

तिथे मी विचारलं. बाबा, नवीन घर आवडलं नाही का?

ते पिशव्या भरत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "घर चांगलंय. लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. तुझ्या आईला किचन आवडलंय. मला फक्त सकाळी उठल्यावर कुठं जायचं ते कळत नाही."

"मग दसऱ्याला बोलला का नाहीत?"

"तू इतकं केलंस. त्यात आणखी काय बोलायचं?"

मंडळी, मी तेव्हा काहीच बोलले नाही. माझ्याकडे सगळ्याची चेकलिस्ट होती. फ्रिज, गॅस कनेक्शन, इंटरनेट, बँकेचा पत्ता बदलणे. त्यात "बाबा सकाळी कुठे जाणार" ही ओळ नव्हती. आई नव्या घरात आठ दिवसांत रुळली, शेजारणी झाल्या, भिशी सुरू झाली. मी धरून चालले की दोघांनाही तेवढाच वेळ लागेल.

तर ती दहा रोपं आम्ही बसनंच आणली, दोन बास्केटांत. डब्यांना खाली खिळ्यानं भोकं पाडली, तळाशी विटांचे तुकडे, वर माती आणि शेणखत. अंधार पडताना लावली. चार दिवस त्यांच्यावर गोणपाटाची सावली. पाणी लावताना एकदा पोटभर, मग माती वरून सुकल्यावरच. पहिले पंधरा दिवस खत नाही. दहापैकी आठ जगली. मी एक्सेलमध्ये लिहून ठेवलंय: पहिल्या खेपेला चौदापैकी तीन, दुसऱ्या खेपेला दहापैकी आठ. झाडं तीच, माती तीच, माणसं तीच. फरक फक्त आकाराचा, वेळेचा आणि मातीच्या गड्ड्याचा.

त्या सात मोठ्या रोपांचं काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. डिसेंबरपर्यंत बाबा जाऊन पाणी घालत होते. ती कमरेएवढी झाली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. फुलं यायला महिना बाकी होता. बाबा त्या दिवशी गेले नाहीत. मी ऑफिसातून येताना मुद्दाम तिथून आले. भिंत पडली होती, पट्टा कुठे होता ते कळतही नव्हतं. घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "हं." आणि बाल्कनीत गेले.

बाल्कनीत अकरा होती. पहिल्या खेपेची तीन खुरटी आणि दुसऱ्या खेपेची आठ. फेब्रुवारीच्या शेवटी पहिलं फूल आलं, गडद गुलाबी. खालच्या पानांवर तांबेरा आला होता, नारिंगी ठिपके. हॉलीहॉकला तो येतोच. ती पानं खुडून टाकायची, आणि पाणी पानांवर नाही, मुळाशी घालायचं.

आणि बाबा? ते आता सोमवारी आणि गुरुवारी मार्केट यार्डला जातात. मी बसचा पास काढून दिलाय. रोपं तिथे नाहीत, काट्यावर त्यांचं काम नाही. चहा पितात, भाव विचारतात, येताना दोन किलो कांदा आणतात जो आमच्या खालच्या दुकानातही मिळतो. मी विचारत नाही का जाता. बाकीच्या दिवशी सकाळी बाल्कनी असते.

बरं, आता या वर्षीची बातमी. जूनमध्ये बाबांनी डब्यांतली जुनी माती सोसायटीच्या कंपाउंडलगतच्या वाफ्यात नेऊन टाकली. त्यात पडलेलं बी होतं. गेल्या आठवड्यात तिथे गोल सुरकुतलेल्या पानांची रोपं दिसायला लागली. सोसायटीचे माळीदादा खुरपणी करत होते, गवत समजून ती काढणारच होते. यात त्यांची चूक नाही. पहिले तीन-चार महिने हे झाड दिसतंच तसं, नुसता पानांचा झुपका. बाबा वरून ओरडले. सातव्या मजल्यावरून! मग लिफ्टनं खाली गेले. आता ते दोघं रोज सकाळी वाफ्यापाशी असतात.

तर आता तुमच्यासाठी. आपोआप उगवलेली रोपं वाचवायची तर आधी ओळखायला हवीत. चिमटीत पान चुरा आणि वास घ्या. झेंडूचा वास चुकूच शकत नाही. सदाफुलीचं पान चकचकीत, मधली शीर पांढरट. हॉलीहॉकचं गोल, लवदार, सुरकुतलेलं. गुलबक्षीचं गुळगुळीत, बदामाच्या आकाराचं. तेरडा असेल तर या दिवसांत तो संपत आलेला असतो, तो हलवू नका, फक्त टचकन फुटणाऱ्या शेंगा कागदात धरा. आणि झेंडूसारखंच कातरलेलं, पण जमिनीलगत पसरलेलं, पांढुरकी लव असलेलं रोप दिसलं तर थांबा. ते गाजरगवत असू शकतं, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली, आणि तीही आपल्या पुण्यातच. त्यानं अंगाला खाज येते, दमाही उठतो. ते हातमोजे घालून, फुलायच्या आधी, मुळासकट काढा. त्याची कीव करू नका.

मग हलवणं. आदल्या संध्याकाळी पाणी. दुसऱ्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर उचलणं. तीन-चार खऱ्या पानांचं रोप, त्याहून मोठं नको. मातीच्या गड्ड्यासकट. हात पानाला, दांड्याला नाही. झेंडू एकमेकांपासून फूटभर लांब, हॉलीहॉक दीड फूट. डबा किंवा पिशवी निदान फूटभर खोल. चार दिवस सावली. जी रोपं जास्तीची आहेत ती उपटू नका, शेजारच्या मुळांना धक्का लागतो. कात्रीनं जमिनीलगत कापा.

आणि सगळी हलवू नका. दोन-तीन जिथे आहेत तिथेच ठेवा. जागेवर वाढलेलं झाड हलवलेल्यापेक्षा नेहमी जोमदार असतं, आणि पुढच्या वर्षीचं बी तेच देतं. एक विनंती, कासच्या पठारावरून किंवा सिंहगडाच्या वाटेवरून आवडलं म्हणून रानफुलांची रोपं उपटून आणू नका. ती त्या कातळाची, त्या धुक्याची आहेत. बाल्कनीत जगत नाहीत आणि तिथून कायमची जातात.

शेवटचं. ज्यांनी अलीकडे आईवडिलांना गावाहून किंवा जुन्या घरातून आपल्या फ्लॅटमध्ये आणलंय, किंवा या दिवाळीनंतर आणणार आहात, त्यांनी चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवा. सकाळी उठल्यावर ते कुठे जाणार? उत्तर तुम्ही देऊ नका. त्यांना विचारा. आणि पहिल्यांदा "सगळं छान आहे" म्हणाले तर दोन आठवड्यांनी परत विचारा. जमलं तर कुंडीत माती भरता भरता विचारा, हात कामात असले की माणसं खरं बोलतात.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्याकडे या पावसात काय आपोआप उगवलंय, ते मला आवाजात सांगून पाठवा. ओळखता येत नसेल तर फोटो काढा. मी बाबांना दाखवते.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज संध्याकाळी कुंडीला पाणी घालायला विसरू नका.